शिट्टी वाजेपर्यंत

बिस्किटांच्या कारखान्यात त्यांना सगळे शिट्टीसाहेब म्हणत आणि हे नाव त्यांना मनापासून आवडे. टेबलावर 'सुरक्षा अधिकारी' अशी पितळी पाटी होती, ती ते रोज रुमालाने पुसतही. पण माणूस ओळखला जाई तो गळ्यातल्या शिट्टीवरून. भट्टीजवळ कुणी बाह्या वर सारल्या, वाजली शिट्टी. पिठाच्या पोत्यांची थप्पी जरा कलली, वाजली शिट्टी. आणि आगीचा सराव असला की मग विचारूच नका. त्या दिवशी बिस्किटं करपली तरी चालत, पण सराव अर्ध्यावर सुटता कामा नये.

सरावाचा त्यांचा नियम असा: एक लांब शिट्टी वाजली की सुरू, तीन वाजल्या की संपला. मधल्या वेळात कुणी कितीही ओरडून सांगितलं की बास झालं, थांबवा, तरी थांबायचं नाही. कारण खरी आग लागली की माणसं घाबरून वाट्टेल ते बोलतात. एकदा सराव चालू असताना खुद्द मॅनेजर केबिनबाहेर आले आणि "अहो, बंद करा हा तमाशा, माझ्याकडे पाहुणे बसलेत" म्हणून ओरडले. शिट्टीसाहेबांनी शांतपणे चार जणांना खूण केली. मॅनेजरना स्ट्रेचरवर बांधून फाटकाबाहेर नेण्यात आलं, आणि त्यांच्या मागोमाग पाहुण्यांनाही. मोठं गिऱ्हाईक होतं ते. पण तोंडी हुकमाला सरावात किंमत नाही, असं शिट्टीसाहेब फाटकावरच सर्वांना समजावून सांगत होते.

असा माणूस कारखान्यात असावा, जरूर असावा. पण त्याच्याबरोबर दोन दिवस हिंडायला जायचं म्हणजे काय, ते त्याच्या बायकोला विचारा.

लग्न ठरलं तेव्हाच त्यांनी तिला शब्द दिला होता, की पाण्याकाठच्या त्या मोठ्या शहरात तुला नेईन. शहर काही जगाच्या टोकाला नव्हतं. सकाळच्या गाडीने निघालं तर जेवायच्या वेळेला माणूस तिथे. शनिवारी जावं, रविवारी परतावं, इतकं साधं काम. पण एकदा आकाशात ढग दिसले. एकदा लॉजला एकच जिना निघाला. एकदा तर फेरीबोटीच्या फोटोवर भिंग धरून साहेबांनी लाइफ जॅकेट मोजली आणि ती माणसांपेक्षा कमी भरली. दर खेपेला बॅगा भरल्या गेल्या आणि दर खेपेला त्या कपाटावर परत चढल्या.

बायको चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायला बसे. तपासणीची खोली एवढी चिंचोळी, की अक्षरांचा तक्ता गिऱ्हाइकाच्या डोक्यामागे टांगलेला आणि समोर आरसा. दूरचं म्हणून जे काही दाखवायचं ते आरशातलं. दिवसभर ती लोकांना विचारायची, "दूरचं दिसतंय का?" आणि स्वतः घरी येऊन खिडकीत उभी राहिली की समोरच्या इमारतीचे ड्रेनेजचे पाइप. ते मात्र चष्म्याशिवाय अगदी स्वच्छ दिसत.

"मला एकदा असं काहीतरी बघायचंय जे कुठे अडतच नाही," ती म्हणाली. "आरशातलं नको. खरंखुरं लांब." मग ताटं आवरता आवरता तिने अगदी सहज आवाजात पुढचं सांगितलं. "या वेळी ठरवा. नाही जमलं तर मी पुन्हा नाव काढणार नाही. भांडणारसुद्धा नाही."

बायकोच्या भांडणाची शिट्टीसाहेबांना सवय होती. तिच्या न भांडण्याची नव्हती. हा धोका कुठल्याच पुस्तकात दिलेला नव्हता आणि यासाठी बाहेर पडायचा दरवाजा कोणता हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी तिथल्या तिथे पुढच्या शनिवारच्या पुढचा शनिवार ठरवला, दोन जिने असलेलं लॉज शोधून खोलीचं बुकिंग करून टाकलं, आणि जाहीर केलं, "या वेळी चूक होणार नाही. या वेळी आपण सराव करू."

दुसऱ्या दिवशी ते कारखान्यातून पिवळ्या-काळ्या पट्टीचं उरलेलं बंडल घेऊन आले. संध्याकाळभर गुडघ्यांवर रांगत त्यांनी ते अख्खं शहर घराच्या फरशीवर चिकटवलं. बाहेरची खोली म्हणजे स्टेशन. स्वयंपाकघर म्हणजे बाजार. बाजाराला वळसा घालून मधला बोळ, तो पाण्याकाठचा रस्ता. मागची बाल्कनी दीपस्तंभ. बाथरूम म्हणजे पाणी. त्याच्या उंबऱ्याच्या दोन हात अलीकडे जाड पिवळी रेघ, ती ओलांडायची नाही. आईंच्या खोलीला म्युझियम केलं.

"म्हणजे मी जुनीपुराणी वस्तू का रे?" आईंनी विचारलं.

"आई, तुझी खोली चौकोनी आहे म्हणून."

"तिकीट किती ठेवलंयस?"

साहेबांच्या आई या कामात नवख्या नव्हत्या. कारखान्यात सरावासाठी जखमी व्हायला कुणी तयार नसे, थंड फरशीवर पडून राहायचं म्हणजे सगळ्यांच्या जिवावर येई. तेव्हा साहेब आईंना घेऊन जात. आईंना त्या कामाची भारी हौस. बेशुद्ध पडावं तर त्यांनीच. कण्हणं असं, की एकदा रुग्णवाहिकेचा खरा ड्रायव्हर रडला होता. या शहरातही त्यांना भूमिका मिळाली: पाण्याकाठच्या कठड्याशी पोचल्यावर घेरी येऊन पडणे. कठडा म्हणजे कपडे धुवायचं मशीन.

चौथा गडी म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. तो फ्रिज दुरुस्त करायचा, आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे तो त्या शहरात एकदा जाऊन आला होता. गेला होता तो बंद टेम्पोतून, मासळीच्या गोदामातली शीतखोली दुरुस्त करायला. दिवसभर त्या शीतखोलीत काम केलं आणि त्याच टेम्पोतून परत आला. पण तेव्हापासून तो जाणकार होता. "काय हवा आहे दाजी तिथली!" तो सांगे. "अंग नुसतं गारठून जातं. आणि मासे? जिकडे बघावं तिकडे मासे, आपले गप्प पडलेले." जाणकार म्हणून तो आठवडाभर बहिणीकडे राहायलाच आला आणि बाजारात मुक्काम ठोकून बसला.

ते दिवस मोठे मजेचे गेले. बायको कामावरून आली की स्टेशनवर उतरायची, बाजारात चहा टाकायची आणि दीपस्तंभावर वाळत घातलेले कपडे काढायला जायची. मेहुण्याला आंघोळ करायची तर आधी लाइफ जॅकेट घालावं लागे. तो बिचारा ते घालून पाण्यात शिरे आणि आतून "सगळं ठीक आहे" असं दर थोड्या वेळाने ओरडे. आई रोज संध्याकाळी मशीनपाशी कोसळत, साहेब घड्याळ लावून धावत, मेहुणा पाय धरे, आणि दोघे मिळून आईंना म्युझियममध्ये नेऊन ठेवत. खालच्या मजल्यावरच्या बाई वर येऊन विचारून गेल्या, रोज धपकन काय पडतं म्हणून. "आमच्या सासूबाई," बायको म्हणाली, आणि त्या बाई पुन्हा आल्या नाहीत.

बायको हसत होती. पहिल्यांदाच तिला ठरवण्यातही मजा वाटत होती. आणि मग गुरुवारी शिट्टीसाहेबांनी घोळ घातला.

आई कोसळल्या होत्या, उचलल्या गेल्या होत्या, वेळ आजवरचा सर्वांत कमी लागला होता. साहेब बोळात, म्हणजे पाण्याकाठच्या रस्त्यावर, खुर्ची टाकून बसले. अंगभर समाधान पसरलं होतं. आपल्या बाथरूमकडे त्यांनी प्रेमाने पाहिलं आणि म्हणाले, "खरं सांगू का? सगळं शहर आता पाठ झालंय आपल्याला. कुठे काही अपघात नाही, गर्दी नाही, पाय घसरायला जागा नाही. आता प्रत्यक्ष गेलंच पाहिजे असंही काही..."

वाक्य पुरं करायची हिंमत झाली नाही, कारण बायको त्यांच्याकडे बघत होती. रागाने नव्हे. ड्रेनेजच्या पाइपांकडे बघावं तशी.

"बरं," ती म्हणाली आणि बाजारात निघून गेली.

साहेबांना त्या एका 'बरं'ने झोपेला पारखं केलं. त्यांना खरोखरच तिला न्यायचं होतं. पण जेव्हा जेव्हा ते खऱ्या शहराचा विचार करत, तेव्हा त्यांना फक्त निसरड्या पायऱ्या दिसत आणि त्या पायऱ्यांवर आपली माणसं दिसत. कारखान्यात हाक मारली की चाळीस माणसं धावून येतात, कुणाला काय करायचं ते ठाऊक असतं. तिथे कोण येणार? तिथे तर कुणी आपलं नावसुद्धा जाणत नाही. भीती वाटत होती त्यांना, साधी सरळ भीती, आणि सुरक्षा अधिकाऱ्याने ती कुणाला सांगायची?

सकाळी पाहतात तो बायको अगदी खुशीत. "मी काय म्हणते," तिने चहाचा कप पुढे केला, "उद्या शनिवार आहे. पूर्ण सराव करू या की. बॅगा भरून, घर बंद करून, पार स्टेशनपर्यंत."

साहेबांना धन्य वाटलं. "अगं, हेच मी सुचवणार होतो! घरातून निघायचं, फलाटावर जायचं, डब्याच्या दांडीला हात लावायचा आणि परत फिरायचं. मग पुढच्या शनिवारी नुसतं..."

"बॅगा रिकाम्या घ्यायच्या का?"

"छे! वजनाशिवायचा सराव म्हणजे फसवणूक. आम्ही एकदा रिकाम्या सिलिंडरवर सराव केला होता, आणि भरलेला उचलायची वेळ आली तेव्हा सगळे एकमेकांकडे बघत बसले. बॅगा भरायच्या. सगळं खरं."

"सगळं खरं," बायको म्हणाली. "आणि हो, एक विचारायचं होतं. सराव चालू असताना तुम्हीच बेशुद्ध पडलात तर शिट्टी कोण वाजवणार?"

शिट्टीसाहेब कप हातात घेऊन थिजलेच. इतक्या वर्षांत कारखान्यात हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. त्यांना स्वतःला सुचला नव्हता! मॅनेजरला नाही, तपासणीला येणाऱ्या मोठ्या साहेबांना नाही, आणि सुचला तो घरात, बायकोला. अभिमानाने त्यांचा ऊर भरून आला. "शिट्टी तुझ्याकडे राहील," ते म्हणाले, आणि शनिवारी पहाटे दारात उभं राहून एक लांब शिट्टी वाजवून त्यांनी ती गळ्यातून काढली आणि तिच्या गळ्यात घातली. लग्नातली माळही त्यांनी इतक्या जपून घातली नव्हती.

सराव नमुनेदार चालला होता. गॅस बंद, नळ बंद, खिडक्या बंद. मेहुण्याला तिकिटाच्या रांगेत उभं राहून किती वेळ लागतो ते पाहून यायला सांगितलं होतं; तो पाहून आला. फलाटावर गाडी उभीच होती. साहेबांनी डब्याच्या दांडीला हात लावला, समाधानाने मागे वळले, तर मागे कुणी नाही.

आई आत, खिडकीशी बसल्या होत्या. मेहुणा बॅगा वर ठेवत होता. बायको आपला रुमाल शेजारच्या जागेवर टाकत होती.

"अगं, दांडीला हात लावायचा एवढंच ठरलं होतं!" साहेब डब्यात शिरत म्हणाले.

"खऱ्या प्रवासात मी काय दांडीला लोंबकळत जाणार आहे?" आई म्हणाल्या. "बसण्याचाही सराव नको का?"

हे पटण्यासारखं होतं. साहेबांनी सगळ्यांना नीट बसू दिलं, बाहेर पडायचे दोन्ही दरवाजे दाखवले. "छान. आता चला, उतरा."

कुणी हललं नाही.

"उतरा म्हणतोय मी. सराव संपला."

"अहो," बायको अगदी गोड आवाजात म्हणाली, "शिट्टी कुठे वाजलीय?"

साहेबांचा हात गळ्याकडे गेला. गळा मोकळा. "मग वाजव की!"

"माझ्या मते अजून पूर्ण झालेला नाही."

"मी सांगतोय ना!"

"तोंडी हुकमाला सरावात किंमत नाही, दाजी," मेहुणा वरच्या फळीवरून म्हणाला. आणि खिशातून चार तिकिटं काढून त्याने ती नीट पुसली. "एवढा वेळ रांगेत उभा राहिलो, म्हटलं हात हलवत काय परत यायचं. लोक हसतील."

शिट्टीसाहेबांच्या सगळं लक्षात आलं, आणि नेमक्या त्याच वेळी बाहेर फलाटावर गार्डने शिट्टी फुंकली. साहेबांचा जीव भांड्यात पडला. "ऐका! वाजली! वाजली शिट्टी!"

आईंनी बोट वर केलं. "एकच वाजली. एक म्हणजे सुरू."

आणि गाडी हलली.

साहेबांनी साखळीकडे पाहिलं. विनाकारण साखळी ओढणं हा किती मोठा गुन्हा आहे यावर ते स्वतः शाळाशाळांतून भाषणं देत असत. ते मुकाट्याने खाली बसले. गॅसची काळजी करावी म्हटलं तर गॅस त्यांनी स्वतः बंद केला होता. कुलूप दोनदा ओढून पाहिलं होतं. औषधं घेतली होती, छत्री घेतली होती. काळजी करायला काही शिल्लकच नव्हतं, आणि आता त्याचीच काळजी वाटू लागली. आईंनी पिशवीतून बिस्किटं काढली. त्यांच्याच कारखान्यातली होती, जराशी करपलेली.

शहर त्यांच्या घरासारखं अजिबात नव्हतं. स्टेशनातून बाहेर पडल्यावर सवयीने सगळे डावीकडे वळले, कारण डावीकडे बाजार. तर तिथे रंगाऱ्यांनी बांबू लावलेली एक भलीमोठी भिंत. "माझी खोली इथे हवी होती," असं म्हणत आई एका बँकेत शिरल्या आणि रखवालदाराने त्यांना हात धरून बाहेर आणून सोडलं. जाणकार मेहुण्याला तर काही म्हणजे काही ओळखू येईना. "आता बरंच सुधारलंय शहर," तो म्हणत राहिला. शेवटी एका चावीवाल्याला विचारलं, पाणी कुठे आहे. त्याने कानस खाली न ठेवता हनुवटीने उतार दाखवला. "जात राहा. चुकू म्हटलंत तरी चुकायचं नाही."

उतार संपला, दोन गोदामांमधली गल्ली संपली, आणि समोरच्या इमारती एकदम नाहीशाच झाल्या.

दगडी कठडा होता, कठड्याखाली पायऱ्या, पायऱ्यांना टेकलेल्या बोटी, आणि त्यापुढे पाणी. आणि त्यापुढेही पाणी. बायको कठड्यापाशी गेली आणि दोन्ही हात टेकून उभी राहिली. साहेबांनी मनातल्या मनात दोन हातांवर पिवळी रेघ ओढली. ती केव्हाच रेघेच्या पलीकडे होती. ते तिला मागे ओढायला निघाले. तेवढ्यात मागे धपकन आवाज झाला.

आई जमिनीवर पडल्या होत्या.

आता वाचकाच्या लक्षात आलं असेल की आई कठड्याशी पोचल्या होत्या आणि ठरल्याप्रमाणे आपलं काम करत होत्या. शिट्टीसाहेबांच्या लक्षात आलं नाही. त्यांना फक्त अनोळखी दगडांवर पडलेली आपली आई दिसली. शेकडो माणसांना त्यांनी शिकवलं होतं की अशा वेळी आधी काय करायचं, मग काय करायचं. त्यातलं एक अक्षर त्यांना आठवेना. "आई!" एवढंच तोंडून निघालं, तेही लहान पोराच्या आवाजात.

आणि माणसं आली. कुठून आली कोण जाणे. बोटीवरचा एक माणूस हातातला दोर टाकून दोन-दोन पायऱ्या चढत वर आला. फिरायला आलेल्या एका बाईंनी गुडघे टेकले, आईंची नाडी धरली आणि "वारा येऊ द्या, मागे व्हा" असा आवाज टाकला की सगळे मागे झाले. फुगेवाल्याने आपलं स्टूल आणलं. कुणी छत्री धरली, कुणी पाणी आणलं, कुणी आईंच्या चपला उचलून नीट बाजूला मांडल्या. कुणी नाव विचारलं नाही. एकाने साहेबांच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, "काका, घाबरू नका. आम्ही आहोत ना." बायको धावत येऊन सासूबाईंचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती आणि तिचाही चेहरा पांढराफटक पडला होता.

आईंनी एक डोळा उघडला. मुलाकडे पाहिलं.

"किती वेळ लागला रे?" त्यांनी हळूच विचारलं.

साहेबांनी घड्याळाकडे पाहिलंच नव्हतं. ते तिथेच, सगळ्यांच्या मध्ये, फतकल मारून बसले आणि रडायला लागले. रडता रडता त्यांना हसूही येऊ लागलं, त्यामुळे नाडी पाहणाऱ्या बाईंनी आईंना सोडून त्यांचीच नाडी धरली.

"भुकेने होतं असं," मेहुणा गर्दीला समजावून सांगत होता. "शिवाय इथली हवा गार." खरं काय ते सांगायचा कुणाला धीर झाला नाही. आईंना बरं वाटावं म्हणून फुगेवाल्याने दोन फुगे दिले, बोटवाल्याने त्यांना आपल्या बोटीतून फुकट एक चक्कर मारून आणायचं कबूल केलं, आणि आईंनी अशक्त आवाजात विचारलं, "आमचा पाहुणाही येऊ दे ना बरोबर? जाणकार आहे तो." दोघं गेली. लाइफ जॅकेट होती. साहेबांनी मोजली नाहीत.

मग नवरा-बायको दोघंच पायरीवर बसली. साहेबांनी खाकरून घसा साफ केला.

"मी भ्यायलो होतो," ते म्हणाले. "आज नव्हे. आजवर दर वेळी. ढगबिग सगळी निमित्तं होती. वाटायचं, इथे तुम्हाला काही झालं तर कोण धावून येणार?"

"आणि आज?"

"आज मीच नुसता उभा राहिलो. बाकी सगळे आले."

बायकोने त्यांचा हात आपल्या हातात घेतला. साहेबांनी समोर बघितलं, मग तिच्याकडे. तिच्याच दुकानातल्या आवाजात त्यांनी विचारलं, "दूरचं दिसतंय का?"

ती हसली. तिचे डोळे भरले होते. "काहीच दिसत नाहीये," ती म्हणाली. "तिथपर्यंत काही म्हणजे काही नाहीये. इतकं छान आहे!"

लॉजचं बुकिंग पुढच्या शनिवारचं होतं, त्यामुळे रात्रीपुरती मिळाली ती चावीवाल्याच्या बहिणीच्या दुकानावरची पोटमाळ्याची खोली. तिला एकच जिना होता, तोही शिडीसारखा. साहेब त्यावरून दोनदा खाली-वर गेले, आणि मग सगळ्यांच्या आधी घोरू लागले.

रविवारी संध्याकाळी कुलूप उघडून चौघं स्टेशनात, म्हणजे बाहेरच्या खोलीत, शिरली. फरशीवरचं पिवळं-काळं शहर त्यांची वाट पाहत होतं. ते आता फारच लहान दिसत होतं. बॅगा खाली ठेवल्या. आईंच्या हातात फुगे होते, मेहुण्याचं नाक उन्हाने सोललेलं होतं.

बायकोने गळ्यातली शिट्टी काढली आणि नवऱ्यापुढे धरली. तिला जे हवं होतं ते मिळालं होतं. आता ऐकून घ्यायची तिची तयारी होती. "घ्या. संपवा सराव. आणि काय बोलायचं ते बोला."

शिट्टीसाहेबांनी शिट्टी ओठांना लावली आणि तीन वेळा अशी फुंकली की खालच्या मजल्यावरच्या बाईंनी धाडकन दार लावून घेतलं. मग ते ताठ उभे राहिले, कारखान्यात फाटकावर राहत तसे.

"सराव संपला," ते म्हणाले. "सगळ्यांचं काम उत्तम झालं. सुरक्षा अधिकाऱ्याचं सोडून." त्यांनी एकेकाकडे पाहिलं. "खरी सहल पुढच्या शनिवारी. खोलीचं बुकिंग आहेच."

आई पटकन म्हणाल्या, "मी या वेळी बोटीत पडेन."

बायको मात्र हसली नाही. ती नवऱ्याकडे नीट बघत होती, तक्त्यावरची शेवटची, सगळ्यांत बारीक ओळ वाचावी तशी. "आणि ढग आले तर?" तिने विचारलं. "तुम्हाला अजून कुठला फोटो दिसला तर?"

साहेबांनी हातातली शिट्टी रुमालाने पुसली आणि पुन्हा तिच्या गळ्यात घातली.

"राहू दे तुझ्याकडेच," ते म्हणाले.